सोमवारचं कुलूप

आमच्या संस्थेत मुलं दमवत नाहीत, मोठी माणसं दमवतात. मुलाला दप्तर हवं असतं, बूट हवे असतात, गणिताला कुणीतरी शेजारी बसणारं हवं असतं. तेवढं मिळालं की मूल आपलं आपण उभं राहतं. मोठ्यांना आधी चर्चा लागते. ही सगळी चळवळीतल्या माणसांची मुलं. कुणाच्या बापाने जमिनीसाठी मोर्चे काढले, कुणाच्या आईने युनियन बांधली, कुणी नको तिथे नको ते लिहिलं, आणि मग मागे लागल्या केसेस, धाडी, तुरुंग. त्यांच्या झेंड्याचा रंग आम्ही विचारत नाही. बापाचं बरोबर की चूक हे कोर्ट ठरवेल तेव्हा ठरवेल, पण तोवर पोराचे बूट लहान होतात, एवढं मला कळतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे अंगावर घेतलं. भुईगावातल्या आमच्या घरून रोज आचोळ्याला यायचं, तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची एक खोली आहे. माझ्याबरोबर माझी मैत्रीण असते, मूळची कोकणातली, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. आम्ही दोघी म्हणजेच संस्था. माझा भाऊ म्हणतो, तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजता. भाजते तर भाजते. पण खरं सांगायचं तर आता दमले आहे. सकाळी रिक्षात बसताना गुडघा दुखतो आणि पहिला विचार येतो तो, आज कुणी नवं येऊ नये, असा. असा विचार येतो म्हणून वाईटही वाटत नाही, इतकी दमले आहे.

मदत करणारे मुलांचे फोटो मागतात. हसरे. आम्ही देत नाही. फोटो दिला की मूल ओळखू येतं, आणि मूल ओळखू आलं की शाळेत कुणीतरी विचारतं, तुझा बाप जेलात आहे ना? काही मदतगार रुसतात, काही तत्त्वावर भाषण देतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ येते. या लपवण्याच्या कामातच माझी निम्मी शक्ती गेली. त्यातली एक लपवाछपवी कशी अंगाशी आली, ते मला सांगायचं आहे.

एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या बाबांना नेऊन थोडे दिवस झाले होते. एका प्रकल्पात ज्यांच्या जमिनी जात होत्या त्या गावांमध्ये ते सभा घ्यायचे, त्यातून केस झाली. पोलीस घरी येऊन गेल्यावर जुन्या घरमालकाने खोली सोडायला सांगितली. मग आम्ही नवी जागा शोधत फिरलो. नवरा कुठे आहे, या प्रश्नाशी प्रत्येक ठिकाणी अडायचं. तिची आई खरं सांगायची आणि दार बंद व्हायचं. बाई शिकलेली, दादरला एका दुकानात हिशेब बघणारी, पण खोटं बोलताना तिची जीभ अडखळायची.

शेवटी मनवेलपाड्यात एक फ्लॅट पाहायला गेलो. मालक पान खात बसले होते. त्यांनी विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’ तिच्या आईने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, ‘शिपवर आहेत.’

त्यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या भुईगावात बऱ्याच घरांतला कुणी ना कुणी शिपवर असतो, म्हणजे मालवाहू नाहीतर प्रवासी जहाजावर नोकरीला. आठ-नऊ महिने नसतो, दोन-तीन महिने असतो. त्याच्या नसण्याबद्दल कुणी विचारत नाही. बाप घरी नाही आणि तरीही घराला काही डाग नाही, अशी मला माहीत असलेली ही एकच जागा. मालकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘मग भाड्याची काळजी नाही,’ म्हणाले आणि किल्ली दिली.

जिना उतरताना मुलीने मला विचारलं, ‘टीचर आजी, बाबा शिपवर आहेत?’

सगळा भुईगाव मला टीचर म्हणतो, तिने त्याला आजी जोडलं होतं. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ‘हो.’ चर्चमध्ये कुमसाराला फादरांसमोर गुडघे टेकून मी आयुष्यात पुष्कळ बारीकसारीक पापं सांगितली, पण हे कधी सांगितलं नाही. मला ते पाप वाटलंच नाही, आजही वाटत नाही. सहा वर्षांच्या पोरीला बापाचा काहीतरी पत्ता हवा असतो. मी पत्ता दिला.

मग तो पत्ता सांभाळावा लागला. तिच्या वाढदिवसाला आम्ही परदेशी चॉकलेटं आणायचो, बाबांनी पाठवली म्हणून. मे महिन्यात आई कामावर जायची म्हणून मुलगी माझ्याकडे भुईगावात राहायची, केळीत आणि चिकूखाली दिवसभर हुंदडायची, विहिरीवर अंघोळ करायची. शेजारच्या घरातली एक मुलगी तिच्याच वयाची. तिचे पप्पा खरोखरच शिपवर. दोघींचं भलतंच जमलं. दोघी पायरीवर बसून बापांबद्दल बोलायच्या आणि मी आत भाजी निवडत ऐकायचे. शेजारची सांगायची, पप्पा आले की पहिल्या दिवशी ओळखीचे वाटतच नाहीत. वास वेगळा येतो. मग वाटायला लागतात, तेवढ्यात कंपनीचा फोन येतो आणि जातात. एकदा तिने पप्पांचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला होता. दोन दिवस घर शोधत होतं.

‘मग?’ आमच्या मुलीने विचारलं.

‘सापडला. भात करायला घेतला ना मम्मीने. गेले मग.’

तेव्हा मी हसले होते.

तीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि तिच्या बाबांना जामीन मिळाला. आम्ही दोघी आचोळ्याच्या खोलीत पेढे खाल्ले. माझी मैत्रीण रडली. जामिनाला अटी होत्या. जिल्हा सोडायचा नाही. दर सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन हजेरी लावायची, दुपारच्या आत सही झाली पाहिजे. आणि तो जामीन रद्द करावा म्हणून सरकारचा वरच्या कोर्टात लगेच अर्जही पडला. वकील म्हणाले, एक हजेरी चुकली तरी ते तेवढ्यावरच उड्या मारतील. सोमवार सांभाळा.

ते घरी आले त्या दिवशी मी तिथे होते. उंच, वाळलेला माणूस, हातात एक कापडी पिशवी. मुलगी आईला चिकटून उभी होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. शिपवरचे लोक मोठमोठ्या बॅगा घेऊन येतात हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘तुमचं सामान मागून येतंय का?’

तुम्ही म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं.

शिपची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. तुरुंगातल्या भेटीत काचेपलीकडून हे सांगायचं बायकोच्या जिवावर आलं होतं. मी सांगितलं. मुलगी खाली खेळायला गेली होती. ऐकताच ते भडकले. ‘मी एक ओळ खोटी लिहून दिली असती तर कधीच सुटलो असतो. दिली नाही. आणि इथे माझ्या पोरीला तुम्ही माझी लाज बाळगायला शिकवलंत.’

मीही काही गाय नाही. म्हटलं, ‘लाज नाही शिकवली, छप्पर मिळवलं. तुमचं खरं तुमच्याबरोबर आत होतं. बाहेर घरमालक होते, शाळा होती. त्यांना कुणी तोंड द्यायचं?’

त्यांची बायको मध्ये पडली. भांडून भागणार नव्हतं. शेवटी असं ठरलं की मुलगी त्यांना जरा सरावली की तेच तिला सगळं सांगतील. बापानेच सांगावं, मला पटलं.

पण ती सरावेना. पाणी आणून द्यायची, वही तपासायला द्यायची, ते घरात असले की मोठ्याने बोलायची नाही. जवळ बसवलं तर बसायची, पण बघायला आलेल्यांसमोर पाटावर बसवलेल्या मुलीसारखी. आणि दर दोन-चार दिवसांनी विचारायची, ‘तुम्ही परत कधी जाणार?’ वरच्या कोर्टातल्या अर्जाचं काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हा माणूस खोटं बोलणारा नव्हता. ते म्हणायचे, ‘माहीत नाही बाळा.’

एक दिवस ते आचोळ्याच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, ‘टीचर, मी गेलेलाच बरा असं तिला वाटतं.’ माझी मैत्रीण उठून चहा करायला गेली. मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवशी गेला.

मी म्हटलं, ‘ती तुम्हाला घालवत नाहीये हो. ती तयारी करतेय.’ आणि मग बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं. आम्ही तिला बाप शिपवर आहे असं सांगितलं, पण शिपवरचा बाप घरी येतो तो परत जाण्यासाठी येतो, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. ते तिने भुईगावात पाहिलं होतं. घरातला फोन वाजला की हे दचकायचे, वकिलांचा असेल म्हणून. शेजारच्या मुलीचे पप्पाही तसेच दचकायचे, कंपनीचा असेल म्हणून. कधी जाणार विचारलं तर तेही म्हणायचे, माहीत नाही. तिच्या हिशेबाने सगळं बरोबर जुळत होतं. जाणाऱ्या माणसाला जीव लावून ती कशाला फसणार? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

‘आजच सांगतो तिला,’ ते म्हणाले. आणि मग म्हणाले, ‘पण काय सांगू? शिप नव्हती, जेल होती. बरं. परत जाणार नाही, असं कुठे सांगता येतंय मला?’

चहा पिऊन ते गेले. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मी विचारलंही नाही. दुसऱ्या दोन मुलांच्या शाळाप्रवेशाची माझी धावपळ चालली होती, आणि ज्या गोष्टीला उत्तर नाही ती विचारायची ताकद माझ्यात उरत नाही.

मग तो सोमवार आला. मी खोलीचं शटर वर करत होते तेवढ्यात त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली. ‘टीचर, दाराला बाहेरून कुलूप आहे.’

बायको लवकरच कामाला गेली होती. ते अंघोळीला गेले तेव्हा मुलगी शाळेला निघाली. सगळे बाहेर जातात तेव्हा दाराला लावायचं कुलूप तिने बाहेरच्या कडीला घातलं. एक किल्ली आईच्या पर्समध्ये दादरला, आणि दुसरी जिथे टांगलेली असते त्या खिळ्यावर नव्हती.

‘फोडायला सांगू का कुणाला?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘थांबा. आवाज झाला की मजला गोळा होईल, मजला गोळा झाला की मालक येतील. मी शाळेत जाते. नाहीच मिळाली किल्ली तर फोडू.’ मैत्रिणीला खोलीत बसवलं आणि रिक्षा केली. आचोळ्याहून मनवेलपाड्याकडचा तो रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. एका ठिकाणी टँकर आडवा होता. रिक्षावाला म्हणाला, ‘आजी, टेन्शन मत लो, निघेल आता.’ मी त्याच्यावर उगाच ओरडले.

शाळेत मला ओळखतात, मास्तरणी मास्तरणीला ओळखते. मुलीला वर्गातून बोलावलं आणि मी तिला पाण्याच्या नळांपाशी नेलं. मी कशाला आले ते तिला माहीत होतं.

‘किल्ली दे.’

‘नाही.’

‘बाबांना बाहेर जायचंय.’

‘म्हणूनच नाही.’ तिने हात पाठीमागे घेतले. ‘दर सोमवारी ते चांगला शर्ट घालून जातात. कंपनीत विचारून येतात. एक दिवस त्यांना हो म्हणतील आणि मग ते जातील. दार बंद असलं तर कसे जातील?’

खरं कधी सांगावं लागलं तर कसं सांगायचं, याची वाक्यं मी तीन वर्षं मनात घोळवली होती. चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी तिच्यासमोर त्या ओल्या कट्ट्यावर बसले, आणि गुडघा असा कळवळला की माझ्या तोंडातून आधी ‘आई गं’ निघालं आणि मग बाकीचं.

‘बाबा शिपवर नव्हते. जेलमध्ये होते. त्यांनी चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही. लोकांच्या जमिनी जात होत्या, त्याबद्दल बोलले म्हणून केस झाली. आता सोडलंय, पण दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही करायची असते. आज सही नाही झाली तर परत नेतील. कुलूप ठेवलंस तर ते जातील, उघडलंस तर राहतील. उलटं आहे गं सगळं.’

ती नळाकडे बघत होती. एक नळ गळत होता. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, ‘मग चॉकलेटं कुणाची?’

‘आमची.’

‘सही केली तर कधीच नाही नेणार?’

माझ्या जिभेवर हो आलं होतं. तीन वर्षांपूर्वी जिन्यात आलं होतं तसंच, सहज. तिचे डोळे बापासारखे आहेत हे मला तेव्हाच का दिसावं कोण जाणे. मी म्हटलं, ‘आज नाही नेणार. एवढंच मला माहीत आहे.’

ती खाली वाकली, बूट काढला आणि मोज्यातून किल्ली काढली. मला दिली नाही. ‘मी उघडणार,’ म्हणाली.

मुख्याध्यापिकेला घरी अडचण आहे एवढं सांगून मी तिला बरोबर घेतलं. जिना ती धावत चढली, मी कठडा धरून मागून. कुलूप निघालं, कडी निघाली, तिने दार ढकललं.

ते दारापासून मागे, भिंतीशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, दोन्ही हात सरळ खाली, मान थोडी झुकलेली. बाहेरून कुलूप उघडल्याचा आवाज आला की असं उभं राहायचं, ही त्यांना तीन वर्षांची सवय. त्यांचं त्यांना कळलंही नसावं. मग त्यांनी मान वर केली आणि दारात आपली पोरगी पाहिली.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या कुलपाकडे पाहिलं. तिला काय समजलं ते मला सांगता येणार नाही. तिने कुलूप पाठीमागे लपवलं आणि एकदम ओरडली, ‘पळ ना बाबा! सही राहून जाईल!’

ते पळाले. सही वेळेत झाली. हवालदार म्हणाला, आज उशीर केलात. दुपारी मी आचोळ्याला परतले तेव्हा मैत्रिणीने माझ्यासाठी पोळी-भाजी झाकून ठेवली होती. मला दोन घासांच्या वर गेली नाही. त्या संध्याकाळी बाप-लेक दोघं बराच वेळ बोलत बसले, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं. काय बोलले ते मी विचारलं नाही. घरमालकांना आणि शाळेला अजूनही ते शिपवरून आलेलेच आहेत. मुलीनेच तसं ठरवलं. ‘त्यांना कशाला सांगायचं?’ म्हणाली. बाबा यावर हसले.

वरच्या कोर्टात अर्ज अजून तसाच आहे. तारीख पडते, पुढे जाते. आता सोमवारी सकाळी तीच बाबांना उठवते, शर्ट काढून ठेवते, ते खाली रस्त्याला लागेपर्यंत खिडकीत उभी राहते आणि मग शाळेला निघते. परत कधी जाणार, हे ती आता विचारत नाही. आता ते आम्ही मोठी माणसं एकमेकांना विचारतो.

गेल्या रविवारी ती भुईगावात आली. बाबा तिला रिक्षाने सोडून गेले. मी ओट्यापाशी होते. तिने रुमालाची एक पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. जड लागली. आत ते कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या.

‘बाबांनी दाराला दुसरं लावलंय, त्याच्या किल्ल्या मी मागितल्या नाहीत,’ ती म्हणाली. ‘हे तुमच्याकडे ठेवा, टीचर आजी. रविवार आला की मला परत लावावंसं वाटतं.’

मी तांदळाचा डबा उघडला आणि पुरचुंडी खोल, तळापर्यंत खुपसली.